स्पीकर बदलण्याआधी सोफा हलवा

गोव्यात चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीत, आरतीला घुमट हे मडक्याचं चामडी वाद्य वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताकडे नीट बघा. उजवा हात चामड्यावर थाप देतो, ते सगळ्यांनाच दिसतं. पण मडक्याच्या मागच्या उघड्या तोंडावर डावा हात जरा झाकला, जरा सोडला की तीच थाप कधी खोल जाते, कधी मोकळी होते. चामडं तेच, थाप तीच. बदलतं ते आतल्या हवेचं वागणं. घरातल्या स्टिरिओचंही असंच आहे. स्पीकर थाप देतो आणि खोली घुमते. आपल्या कानावर पडते ती दोघांची बेरीज, आणि खालच्या सुरांत तर खोलीचा वाटा फार मोठा असतो.

फोंडा तालुक्यात जत्रेच्या नाटकांना आणि भजनांना मी बावीस वर्षं साउंड दिला. देवळाच्या सभामंडपात खाली गुळगुळीत फरशी, बाजूला गिलावा केलेल्या भिंती, वर उंच छत. गायकाचा शब्द कळेना झाला की नवा पोरगा आवाज वाढवतो. आवाज वाढला की घुमाराही तेवढाच वाढतो आणि शब्द आणखी बुडतो. तोच स्पीकर भिंतीपासून दोन हात पुढे ओढून बसलेल्या माणसांच्या दिशेने जरा खाली वळवला की कमी आवाजातही शब्द न् शब्द उमटतो. माणसं आवाज पितात, भिंती तो परत फेकतात. हे मी मांडवात शिकलो आणि मग घरात वापरलं.

गेल्या वर्षी मडगावहून भाच्याचा फोन आला. नव्या फ्लॅटमध्ये त्याने कंबरेएवढे उभे स्पीकर आणि चांगला अॅम्प्लिफायर घेतला होता. "मामा, तबल्याचा डग्गा नुसता ढुमढुमतो. गाणाऱ्या बाईंचा आवाज टीव्हीच्या मागून येतोय असं वाटतं." दुकानदाराने त्याला आधी महागड्या वायरी विकल्या, मग याहून मोठा अॅम्प्लिफायर घ्या म्हणून सांगितलं. मी म्हटलं, रविवारपर्यंत काही घेऊ नकोस, येताना मी मोजपट्टी घेऊन येतो. त्या रविवारी जे केलं तेच इथे सांगतो. तुमची खोली वेगळी असेल, पण क्रम हाच ठेवा.

आधी खोली ऐका

हॉल चौदा फूट लांब, अकरा फूट रुंद, साडेनऊ फूट उंच. वर स्लॅब, खाली चकचकीत टाइल्स, एका बाजूला बाल्कनीचा सरकता काचेचा दरवाजा, त्याच्यासमोर मोकळी भिंत. टीव्हीच्या युनिटच्या दोन्ही बाजूंना कोपऱ्यात कोंबलेले स्पीकर आणि पलीकडच्या भिंतीला चिकटून सोफा. गोव्यातल्या दहांपैकी आठ फ्लॅटांत मला हेच चित्र दिसतं.

पंखा बंद केला, स्टिरिओ बंद ठेवला आणि हॉलच्या मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवली. टाळीच्या मागोमाग "टर्रर्र" असा बारीक, धातूसारखा आवाज ऐकू आला. आवाज काच आणि समोरची भिंत यांच्यामध्ये चेंडूसारखा टोले खात होता. दोन सपाट, कडक, समोरासमोर असलेल्या भिंती म्हटल्या की हे व्हायचंच. माझ्या वडिलांच्या म्हार्दोळजवळच्या जुन्या घरात टाळी वाजवली तर असं काही ऐकू येत नाही. तिथे वर उतरतं मंगळुरी कौलांचं छप्पर आहे, त्यामुळे आवाज वर जाऊन तिरपा होतो आणि कौलांच्या फटींतून बाहेरही पडतो. चिऱ्यांच्या भिंती जाड आहेत, पण छपरातून खालचे सूर निसटतात आणि खोली घुमत नाही. जुन्या घरात रेडिओसुद्धा गोड लागायचा म्हणतात, त्याचं निम्मं कारण ते छप्पर. स्लॅबच्या डब्यात ही सोय नाही, तिथे ती आपल्याला करावी लागते.

दुसरी चाचणी डग्ग्याची. तबल्याचा एखादा स्वतंत्र वादनाचा ट्रॅक लावा आणि डग्ग्यावरची घसीट ऐका. मनगट पुढे सरकतं तसा सूर खालून वर चढतो. चांगल्या खोलीत तो एकसारखा चढतो. वाईट खोलीत एखाद्या ठिकाणी एकदम फुगतो, पुढच्या ठिकाणी गायब होतो आणि परत वर येतो. भाच्याकडे तो दोन ठिकाणी फुगत होता. ही वादकाची चूक नसते आणि स्पीकरचीही नसते. ती खोलीच्या मापांची करणी असते.

मापं काय सांगतात

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाजाच्या लहरीची अर्धी लांबी नेमकी बसली की तो सूर त्या खोलीत अडकून राहतो. हिशोब अगदी सोपा आहे. 565 ला फुटांतल्या अंतराने भागा, उत्तर हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती कंपनं यात, येतं. चौदा फुटांना साधारण 40, अकरा फुटांना 51, साडेनऊ फुटांना 59. आणि यांच्या पटींत पुढचे सूर: चौदा फुटांचा दुसरा सूर 81 ला, अकराचा 103 ला. काळी एकचा षड्ज साधारण 139 हर्ट्झला असतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 69 ला. डग्गा याच पट्ट्यात फिरतो. तो घसरत 81 आणि 103 च्या जवळ आला की का फुगतो, ते कागदावरच दिसतं. खोली चौरस असेल, म्हणजे बारा बाय बारा, तर दोन्ही दिशांचे सूर एकाच जागी येऊन पडतात आणि तिथला फुगा दुप्पट होतो. नवं घर बांधत असाल तर गाणं ऐकायच्या खोलीची मापं एकसारखी ठेवू नका.

आता सोफ्याचं. हे अडकलेले सूर भिंतीला लागून सगळ्यात जोरात असतात. मागच्या भिंतीला डोकं टेकवून बसलात तर लांबीचे सगळे सूर एकदम तुमच्या कानावर येऊन आदळतात. म्हणून भाच्याला ढुमढुम ऐकू येत होतं. आणि खोलीच्या बरोब्बर मध्यावर बसलात तर सगळ्यात खालचा सूर तिथे जवळजवळ नाहीसाच होतो. दोन्ही टोकं टाळायची. खोलीच्या लांबीच्या 38 टक्के अंतरावर बसावं, असा एक अंदाज बरेच जण वापरतात. चौदा फुटांना तो मागच्या भिंतीपासून पाच फूट चार इंचांवर येतो. तो नियम नाही, सुरुवातीची जागा आहे. तिथून सहा-सहा इंच पुढे-मागे करून डग्गा ऐकायचा.

सोफा पुढे ओढला तर भाच्याच्या बायकोला काळजी होती की मागून जायला वाट राहणार नाही. उलट आता मागे पाच फूट मोकळे झाले आणि तिथे जेवणाचं टेबल बसलं. एवढी जागा तुमच्याकडे नसेल तर निदान दोन-अडीच फूट तरी सोफा पुढे आणा. आणि तेही शक्य नसेल तर ऐकण्याच्या वेळी एक खुर्ची पुढे घेऊन बसा. गाणं ऐकायला तासभर बसणाऱ्या माणसाला खुर्ची हलवायचा त्रास होत नाही.

स्पीकर कुठे ठेवायचे

स्पीकरच्या मागे भिंत असली की खालचे सूर वाढतात, कोपरा असला की आणखी वाढतात. लहान स्पीकरना भिंतीचा हा आधार कधी हवाहवासा वाटतो, पण उभ्या, मोठ्या स्पीकरना तो नको. त्यात आणखी एक गोम आहे. स्पीकरमधून मागे गेलेला आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि एका सुराला पुढच्या आवाजाच्या नेमका उलटा पडून त्याला खाऊन टाकतो. तो सूर कोणता, हे भिंतीच्या अंतरावर ठरतं. भिंत तीन फुटांवर असेल तर तो साधारण 94 हर्ट्झ, अडीच फुटांवर असेल तर 113. म्हणून मागच्या भिंतीचं अंतर आणि बाजूच्या भिंतीचं अंतर सारखं ठेवू नका. सारखं ठेवलंत तर दोन्ही खड्डे एकाच सुरावर पडतात.

आम्ही स्पीकर त्यांच्या मागच्या भिंतीपासून तीन फूट पुढे आणले आणि बाजूच्या भिंतींपासून अडीच-अडीच फूट आत. अंतर स्पीकरच्या पुढच्या तोंडाच्या मध्यापासून मोजायचं. दोन्ही स्पीकरांमध्ये सहा फूट आले. बसण्याची जागा प्रत्येक स्पीकरपासून साधारण साडेसहा फुटांवर. म्हणजे जवळजवळ समभुज त्रिकोण झाला. हा त्रिकोण दोरीने मोजा, नजरेने नको. सोफ्याच्या पाठीवर डोक्याच्या जागी एक टाचणी टोचायची, दोरी तिथून डाव्या स्पीकरच्या तोंडापर्यंत ताणायची, गाठ मारायची आणि तीच दोरी उजव्या स्पीकरला लावायची. भाच्याकडे उजवा स्पीकर चार इंच जवळ निघाला. चार इंचांनी गाणारी बाई मधून उजवीकडे सरकते.

मग एकाने सोफ्यावर बसायचं, दुसऱ्याने स्पीकर हलवायचा. भाचा बसला, मी हलवला. प्रत्येक वेळी तीन-चार इंच पुढे किंवा मागे, आणि दर वेळी तोच डग्ग्याचा ट्रॅक. सातव्या-आठव्या खेपेला त्याने हात वर केला. घसीट एकसारखी चढली. वेगळा सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर देणारा स्पीकर, असेल तर उलटं करा: सबवूफर सोफ्यावर, बसण्याच्या जागी ठेवा, खालच्या सुरांचा ट्रॅक लावा आणि तुम्ही भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर फिरा. जिथे आवाज सगळ्यात एकसारखा लागेल तिथे सबवूफर न्यायचा. जिथे सगळ्यात मोठा लागेल तिथे नाही, हे लक्षात ठेवा. बहुतेकांची चूक इथेच होते.

स्पीकरमधला वरचे सूर देणारा छोटा गोल, म्हणजे ट्वीटर, बसल्यावर कानाच्या उंचीवर यायला हवा. लहान स्पीकर शोकेसवर किंवा टेबलावर ठेवले असतील तर त्यांना वेगळे स्टँड करून घ्या. गावातला वेल्डर लोखंडी चौकोनी पाइपाचा स्टँड सहज करून देतो. पाइपात धुतलेली, पूर्ण वाळलेली वाळू भरा म्हणजे तो स्वतः वाजणार नाही. समुद्राची वाळू नको, खारटपणाने आतून गंज धरतो. स्टँडवर स्पीकर ठेवताना मध्ये रबराचे चार छोटे तुकडे द्या.

स्पीकर किती आत वळवायचे? गाण्याचा मोनो ट्रॅक लावा. यासाठी मी केसरबाई केरकरांच्या जुन्या 78 आरपीएमच्या तबकड्यांवरून आलेली ध्वनिमुद्रणं लावतो. फोंड्याजवळच्या केरीत 1892 साली जन्मलेल्या या बाईंचा आवाज 1977 साली व्हॉयेजर यानांच्या सोनेरी तबकडीवर अवकाशात गेला. त्या काळच्या मुद्रणात डावं-उजवं काही नसतं, दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज येतो. म्हणून तो आवाज दोन स्पीकरांच्या नेमका मधोमध, हवेत, एका बोटाने दाखवता येईल इतका ठाम उभा राहिला पाहिजे. मधे फाकलेला, पसरलेला वाटला तर स्पीकर थोडे आत वळवा. वरचे सूर टोचायला लागले तर थोडे बाहेर. आणि आवाज मधे उभा राहतच नसेल, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पातळ होऊन तरंगत असेल आणि खालचे सूरही कमी वाटत असतील, तर मागची वायर तपासा. एका स्पीकरला लाल-काळं उलटं लागलेलं असतं. भाच्याकडे तेच निघालं. "बाईंचा आवाज टीव्हीच्या मागून येतो" याचं मुख्य कारण ही एक वायर होती. महागड्या वायरी बसवतानाच ती उलटी लागली होती. वायरचंच बोलतोय तर सांगतो: घराच्या वायरिंगसाठी इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पाच-सात मीटरसाठी पुरेशी आहे.

भिंती, काच, फरशी

आता टाळीच्या त्या "टर्रर्र"कडे वळू. भाच्याच्या बायकोने सोफ्यावर बसायचं, मी बाजूच्या भिंतीवर हातआरसा सपाट धरून सरकवत जायचं. आरशात तिला स्पीकरचं तोंड दिसलं की तिथे पेन्सिलची खूण. स्पीकरचा आवाज पहिल्यांदा आपटून कानावर येतो ती हीच जागा. दोन्ही स्पीकरांसाठी दोन्ही भिंतींवर खुणा करा. छतावरही अशी जागा असते, पण घरात तिच्यापर्यंत सहसा कोणी जात नाही.

काचेच्या बाजूला जाड पडदा लावला. पडद्याच्या कापडाची रुंदी काचेच्या दुप्पट घ्या म्हणजे चुण्या पडतात, आणि दांडी काचेपासून वीतभर पुढे लावा. ताणून लावलेला पातळ पडदा दिसायला छान, कामाला शून्य. समोरच्या भिंतीवर पुस्तकांचं उघडं कपाट सरकवलं. लहान-मोठी पुस्तकं, पुढे-मागे, जमेल तशी. ती आवाज थोडा पितात आणि उरलेला पसरवतात. पुस्तकं एका रेषेत लावू नका, मागे-पुढेच राहू द्या. स्पीकर आणि सोफ्याच्या मधे फरशीवर सतरंजी दुहेरी घालून टाकली. परत टाळी वाजवली. "टप्प", आणि संपलं.

आवाज पिण्याचा हिशोब ज्याने पहिल्यांदा बांधला तो अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन. 1895 साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातलं नवं व्याख्यानगृह इतकं घुमत होतं की बोललेला शब्द पाच सेकंदांहून जास्त वेळ हवेत राहायचा आणि वर्ग घेणं अशक्य झालं होतं. सॅबिनने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, हॉलमध्ये मांडायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, घड्याळ लावून आवाज विरायला लागणारा वेळ मोजायचा, आणि पहाट व्हायच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायच्या. त्यातून त्याचं सूत्र आलं, आणि आवाज शोषणाचं पहिलं माप त्याने ठरवलं ते उघडी खिडकी. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक पूर्ण माप.

भाच्याच्या हॉलमध्ये आवाज साधारण 0.4 सेकंदात विरावा असं धरलं तर अशी सोळा-सतरा मापं लागतात. बाल्कनीचा दरवाजा सहा बाय सात फूट उघडला की त्यातली चार मापं तिथेच फुकट मिळतात, आणि खालच्या सुरांनाही वाट मिळते. एक बसलेला माणूस अर्ध्या मापाच्या आसपास भरतो. हिवाळ्यात दार उघडं ठेवून ऐकल्यावर स्टिरिओ अचानक बरा वाजतो, हा अनुभव तुम्हालाही आला असेल, त्यामागे हे आहे. शेजाऱ्यांचा विचार करून आवाज जपून ठेवायचा, एवढंच.

पडदा, सतरंजी, पातळ फोम हे फक्त वरचे सूर पितात. अंड्यांचे ट्रे तर काहीच कामाचे नाहीत, शिवाय भराभर पेट घेतात. तुम्ही नुसते पडदेच पडदे लावलेत तर वरचे सूर मरतात, खालचे तसेच घुमत राहतात, आणि खोली गुदमरल्यासारखी वाजते. मधल्या आणि त्याखालच्या सुरांसाठी जाडी लागते. सुताराकडून चार बाय दोन फुटांच्या लाकडी चौकटी करून घ्या, दोन इंच जाडीचं रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंची लोकर, भरा (घनमीटरला 48 किलोच्या आसपासचं), आणि वर सुती कापड चढवा. कापड निवडताना दुकानातच तोंडाशी धरून फुंकर मारा. फुंकर पलीकडे गेली तर आवाजही जाईल. रॉकवूल कापताना हातमोजे आणि मास्क घाला, त्याचे बारीक धागे अंगाला टोचतात आणि श्वासात जायला नकोत.

ही चौकट भिंतीला चिकटवू नका. मागे दोन इंच मोकळी जागा सोडून टांगा. याची दोन कारणं आहेत. भिंतीला लागून हवा हलत नाही, ती भिंतीपासून दूर जास्त हलते, आणि हलणाऱ्या हवेलाच रॉकवूल अडवतं. म्हणून दोन इंच जाडी आणि दोन इंच मोकळी जागा मिळून जवळजवळ चार इंचांचं काम करतात. दुसरं कारण आपल्या गोव्याचं: पावसात चिऱ्यांच्या भिंतीला ओल येते. चिकटवलेल्या चौकटीच्या मागे ऑगस्टपर्यंत काळी बुरशी धरते. मधून हवा खेळली की धरत नाही. स्पीकरच्या मागच्या दोन कोपऱ्यांत तीच चौकट तिरपी उभी केलीत तर खालच्या सुरांनाही थोडा लगाम बसतो. पण साठ हर्ट्झच्या खाली चौकटींचा फारसा उपयोग नाही, तिथे काम करते ती सोफ्याची आणि स्पीकरची जागा.

हे सगळं झाल्यावर फोनवर टोन जनरेटरचं एखादं मोफत अॅप घ्या आणि 30 हर्ट्झपासून 200 पर्यंत हळूहळू चढत जा. काहीतरी खडखडेल. भाच्याकडे 63 ला शोकेसची काच वाजली, 90 च्या वर देव्हाऱ्यातल्या पितळी घंटेचा लोलक. काचेखाली फेल्टचे तुकडे, घंटा खाली काढून ठेवली. हे आवाज संगीतात लपून बसतात आणि आपण स्पीकरला दोष देतो.

अॅम्प्लिफायरमध्ये किंवा संगणकात इक्वलायझर, म्हणजे वेगवेगळे सूर कमी-जास्त करायची सोय, असेल तर तो सगळ्यात शेवटी वापरा. रूम ईक्यू विझर्ड नावाचं मोफत सॉफ्टवेअर आणि मोजमापाचा यूएसबी माइक असला तर आलेखावर फुगे आणि खड्डे दोन्ही दिसतात. फुगा खाली दाबा. खड्डा भरायला जाऊ नका. खड्ड्यात तुम्ही कितीही ओतलंत तरी भिंतीवरून येणारा उलटा आवाज तेवढंच खातो, आणि अॅम्प्लिफायर उगाच तापतो.

तबकड्या वाजवत असाल तर

पणजीच्या मळा भागात माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, त्यांचं घर लाकडी तक्तपोशीचं, वरच्या मजल्यावर. कोणी चाललं की रेकॉर्ड प्लेयरची सुई उडायची. आम्ही प्लेयर जमिनीवरच्या टेबलावरून उचलून बाहेरच्या जाड भिंतीत ठोकलेल्या फळीवर नेला. फळी पाणसळीने सपाट केली आणि स्पीकरांपासून लांब ठेवली. सुई शांत बसली. दुसरं काहीच बदललं नाही.

पावसाळा

गोव्यात स्टिरिओला खरा धोका जून ते सप्टेंबरचा. स्पीकरच्या शंकूच्या कडेला फोमची कड असेल तर दमट हवेत ती काही वर्षांत चुरा होऊन गळून पडते. बोटाने अलगद दाबून बघा, चिकट किंवा ठिसूळ लागली तर वाजवणं थांबवून कड बदलून घ्या. नवे स्पीकर घेताना रबरी कड असलेलेच घ्या. समुद्राजवळ राहत असाल तर मागचे स्पीकर-जोड वर्षातून एकदा, मृगाच्या आधी आणि वीज बंद करून, सोडवा. वायरची काळी पडलेली टोकं कापून ताजं तांबं काढा, मग परत घट्ट करा. अॅम्प्लिफायर पावसात बंद पडून ठेवण्यापेक्षा आठवड्यात दोन-तीनदा तासभर चालवा. त्याच्याच उबेने तो कोरडा राहतो. तबकड्या उभ्या ठेवा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि त्या ओलसर झाल्या की बदला. गडगडाट सुरू झाला की प्लग आणि अँटेना दोन्ही काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

शेवटचं एक काम राहिलं होतं. सगळ्या जागा नक्की झाल्यावर आम्ही स्पीकरच्या चारही पायांभोवती आणि सोफ्याच्या पुढच्या दोन पायांभोवती फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीचे छोटे कोपरे मारून ठेवले. चवथीला हॉल रिकामा होतो, गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधली जाते, सोफा आतल्या खोलीत जातो, स्पीकर पलंगाखाली. विसर्जनानंतर चौथ्या दिवशी भाच्याने फोन करून सांगितलं, की सगळं पिवळ्या खुणांवर परत ठेवलं आणि केसरबाई पहिल्याच फेरीत मधे येऊन उभ्या राहिल्या.